पत्ता, दप्तर आणि वतन : आंतरजालावरील अंकपत्त्यांच्या वाटपाचा इतिहास

१

मराठीत ‘पत्ता’ ह्या शब्दाचे दोन व्यवहार आहेत. एक पत्ता आपण देतो व घेतो. दुसरा पत्ता लागतो किंवा लागत नाही. पहिल्यात ठिकाणाचे वर्णन अभिप्रेत असते, तर दुसऱ्यात त्या वर्णनाच्या आधारे प्रत्यक्ष पोहोचणे. नित्याच्या बोलण्यात ह्या दोन अर्थांतील अंतर जाणवत नाही, कारण टपालवाटप करणारा माणूस ते अंतर आपल्या ओळखीपाळखीने व तारतम्याने भरून काढतो. आंतरजालावर मात्र टपाल वाटणारे यंत्र असते. त्याला ओळख नाही व तारतम्य तर नाहीच. तेथे दिलेला पत्ता व लागणारा पत्ता ह्यांची सांगड आधीच व काटेकोरपणे घालून ठेवावी लागते, आणि ती सांगड कोणी घालावयाची व कोणत्या अधिकाराने घालावयाची, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे.

ह्या विषयाकडे सामान्यतः अभियांत्रिकीचा विषय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो संज्ञा आणि संज्ञित ह्यांच्या संबंधाचा, आणि त्याहूनही अधिक एका सामाईक संपत्तीच्या वाटणीचा इतिहास आहे. एखाद्या अंकाचा व यंत्राचा संबंध निसर्गसिद्ध नसतो. तो केवळ संकेताने ठरतो. संकेत टिकावयाचा तर त्याची नोंद कोठेतरी असावी लागते आणि ती नोंद सर्वांनी मानावी लागते. तात्पर्य, ज्याच्या हाती दप्तर त्याच्या हाती सत्ता, ही आपल्या महसुली इतिहासातील परिचित गोष्ट येथे नव्या रूपात आढळते.

२

प्रथम परिभाषा स्पष्ट केली पाहिजे. १९७८ साली जॉन शॉक ह्यांनी एका छोट्या टिपणात नाव, पत्ता आणि मार्ग ह्या तीन कल्पनांची फोड केली. आपण काय शोधतो ते नाव सांगते. ते कोठे आहे हे पत्ता सांगतो. तेथे कसे जावयाचे हे मार्ग सांगतो. हा भेद सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरजालाच्या मूळ नियमपत्रात स्वीकारला गेला, आणि पुढील सर्व व्यवस्था त्यावर उभी राहिली. नाव माणसासाठी, पत्ता यंत्रासाठी आणि मार्ग वाटेवरील ‘राउटर’ नावाच्या मध्यस्थ यंत्रांसाठी, अशी ही विभागणी होय.

ह्या नियमपत्रानुसार पत्ता म्हणजे शून्य व एक ह्यांच्या बत्तीस स्थानांची रांग. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी तिचे आठ-आठ स्थानांचे चार गट पाडून प्रत्येक गट दशमान पद्धतीने, म्हणजे शून्य ते २५५ ह्यांपैकी एका संख्येने, लिहितात. अशा एकूण पत्त्यांची संख्या ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ होते. ही लांबी ठरविण्याचा निर्णय व्हिंट सर्फ ह्यांनी १९७७ साली घेतला. काही सहकाऱ्यांना १२८ स्थाने हवी होती, तर काहींना बदलत्या लांबीचा पत्ता हवा होता. हा सारा प्रयोगच आहे, तेव्हा बत्तीस स्थाने पुरेत, अशी सर्फ ह्यांची भूमिका होती. त्या वर्षी जगाची लोकसंख्या सव्वाचारशे कोटींच्या आसपास होती. म्हणजे माणशी एक पत्ता एवढा हा साठा होता. १९६९ साली सुरू झालेल्या ‘आर्पानेट’मध्ये पत्त्याला आठच स्थाने होती, आणि खुद्द सर्फ व रॉबर्ट कान ह्यांच्या १९७४ च्या निबंधात २५६ जाळी नजीकच्या भविष्याला पुरतील असा अंदाज होता. ह्या पार्श्वभूमीवर १९७७ चा निर्णय कृपण नव्हे, उदारच म्हटला पाहिजे. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट ह्या नव्या नियमांवर आणले गेले, आणि जो प्रयोग म्हणून योजला होता तोच कायमचा पाया होऊन बसला.

३

साठा पुरेसा असूनही टंचाई का झाली? ह्याचे उत्तर संख्येत नसून वाटणीच्या मापात आहे.

प्रत्येक पत्त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग जाळे दाखवितो व मागचा त्या जाळ्यातील यंत्र दाखवितो. आधी गाव व मग घर, तसे. वाटेवरील राउटरने प्रत्येक घराची यादी ठेवावयाची नाही, केवळ गावांची ठेवावयाची, ही ह्या रचनेतील युक्ती होय. १९८१ च्या नियमपत्रात गावांचे तीन वर्ग केले गेले. ‘अ’ वर्गाचे जाळे म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते; अशी जाळी १२६ च. ‘ब’ वर्गाचे जाळे म्हणजे ६५,५३६ पत्ते. अशी सुमारे सोळा हजार. ‘क’ वर्गाचे जाळे म्हणजे २५६ पत्ते. अशी वीस लाखांहून अधिक. एक विभाग अनेकांना एकदम धाडावयाच्या संदेशांसाठी व एक भावी उपयोगासाठी राखून ठेवला गेला. ह्या दोहोंत मिळून एकंदर साठ्याचा आठवा हिस्सा बाजूला पडला.

आता दोन हजार यंत्रे असलेल्या विद्यापीठाचे उदाहरण घ्या. ‘क’ वर्ग त्याला पुरत नाही. म्हणून त्याला ‘ब’ वर्ग द्यावा लागे. त्यातील शेकडा तीन पत्ते वापरात येत आणि शेकडा सत्त्याण्णव पडीक राहत. मण आणि छटाक एवढीच मापे असलेल्या दुकानात शेर मागणाऱ्याला मण देण्याखेरीज गत्यंतर नसते, तशी ही अवस्था झाली. ऑगस्ट १९९० मध्ये व्हँकूव्हर येथील अभियंत्यांच्या बैठकीत फ्रँक सोलेन्स्की ह्यांनी वाटपाचा वेग मोजून दाखविला, आणि ‘ब’ वर्गाची जाळी मार्च १९९४ च्या सुमारास संपतील असे भाकीत वर्तविले.

ह्या भाकिताने जी सुधारणा घडली ती सप्टेंबर १९९३ मध्ये नियमबद्ध झाली. वर्ग रद्द झाले. गावाची हद्द बत्तीसपैकी कोणत्याही स्थानावर आखता येऊ लागली. दोन हजार यंत्रांच्या विद्यापीठाला आता २,०४८ पत्त्यांचा तुकडा देता येई. ह्याच वेळी लगतच्या तुकड्यांची एकत्र नोंद करण्याची सोय झाली, त्यामुळे राउटरमधील याद्यांची फुगवटही आवरली गेली. मे १९९४ मध्ये एका बाह्य पत्त्यामागे अनेक यंत्रे दडविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये केवळ अंतर्गत वापरासाठीचे पत्ते कायम राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते आज घरोघरीच्या यंत्रांत दिसतात, ते ह्या राखीव गटातले. ते कोणाच्याच मालकीचे नसल्यामुळे सर्वांना वापरता येतात. मात्र त्या पत्त्यावर बाहेरचा कोणी येऊन पोहोचू शकत नाही. दोन अर्थांपैकी पहिला अर्थ त्यांना लागू पडतो, दुसरा पडत नाही.

४

आता दप्तराकडे वळू. आरंभी हे दप्तर एका व्यक्तीजवळ होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना जॉन पोस्टेल ह्यांनी मे १९७२ मध्ये असे सुचविले की, जाळ्यातील निरनिराळ्या कार्यांसाठी लागणारे अंक वाटून देण्याचे काम एकाच माणसाकडे असावे, आणि तो माणूस बहुधा आपणच असावे. ही सूचना अर्धवट विनोदाने केली असली तरी ती अमलात आली. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत काम करताना पोस्टेल ह्यांनी ‘नेमून दिलेले अंक’ ह्या नावाची यादी वेळोवेळी प्रसिद्ध केली. ह्या कामाला १९८८ च्या सुमारास ‘आयाना’ हे संस्थेसारखे नाव मिळाले, तरी त्या नावामागे दीर्घकाळ पोस्टेल व त्यांचे मोजके सहकारीच होते.

नावांचे दप्तर निराळे होते. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइन्लर ह्यांच्या नेतृत्वाखालील माहितीकेंद्रात सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत असत, आणि ती यादी प्रत्येकाने उतरवून घ्यावयाची असे. यंत्रे वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी तिच्या जागी श्रेणीबद्ध नामव्यवस्था सुचविली. तीत सर्वोच्च दप्तर फक्त पोटदप्तरांची नोंद ठेवते, पोटदप्तर आपल्याखालच्यांची, आणि पुढे तसेच. ऑक्टोबर १९८४ च्या नियमपत्रात सर्वोच्च नावे ठरली. देशांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणयादीतील दोन अक्षरी खुणा घेण्यात आल्या. अमुक भूभाग देश आहे की नाही हे ठरविण्याची जोखीम पोस्टेल ह्यांनी अशा रीतीने दुसऱ्याच्या यादीवर टाकली. त्यांच्या शहाणपणाचा हा उत्तम नमुना होय.

अंकांच्या वाटपात मात्र ‘मागेल त्याला’ हाच आरंभीचा न्याय होता. मागणारे थोडे, बहुतेक अमेरिकेतले, आणि एकमेकांच्या ओळखीचे होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, स्टॅनफर्ड विद्यापीठ, आय. बी. एम., फोर्ड मोटर कंपनी, अ‍ॅपल अशांना एकेक ‘अ’ वर्गाचे जाळे मिळाले. ह्या वाटपामागे कोणताही करार नव्हता, मूल्य नव्हते, मुदतही नव्हती. आपल्याकडील परिभाषेत बोलावयाचे तर ही वतनेच झाली : सेवेच्या आरंभकाळी मिळालेली, पुढे सेवेशी संबंध न उरता चालू राहिलेली. भेद एवढाच की आपल्याकडील वतने स्वातंत्र्योत्तर काळात कायद्याने नष्ट झाली, आणि ही तशी झाली नाहीत. स्टॅनफर्डने २००० साली आपले जाळे स्वखुशीने परत केले. हे उदाहरण अपवाद म्हणूनच उल्लेखनीय आहे.

५

एकाच देशातील एकाच दप्तराने जगाची वाटणी करणे अयोग्य आहे, ही जाणीव १९९० च्या सुमारास लेखी स्वरूपात व्यक्त होऊ लागली. ऑक्टोबर १९९२ च्या मार्गदर्शक नियमांत वाटप खंडवार विभागण्याची योजना आली. त्यापूर्वीच एप्रिल १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे युरोपचे दप्तर सुरू झाले होते. आशिया-पॅसिफिक विभागासाठी ‘एपनिक’ १९९३ साली तोक्योत सुरू होऊन १९९८ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे गेले. उत्तर अमेरिकेसाठी १९९७, लॅटिन अमेरिकेसाठी २००२ आणि आफ्रिकेसाठी २००५ साली अशी दप्तरे उभी राहिली. नोव्हेंबर १९९६ च्या नियमपत्रात वाटपाची तीन तत्त्वे मांडली गेली : साठा जपून वापरावा, वाटप मार्गशोधनाला सुकर व्हावे, आणि नोंद खरी व उघड असावी. पत्ता ही मालमत्ता नव्हे, गरज असेपर्यंत वापरावयाचा तो अंक आहे, ही त्यामागील भूमिका होती.

ह्या दप्तरांवर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल ह्यांनी सर्वोच्च नामदप्तराच्या प्रती ठेवणाऱ्या बारा इतर केंद्रांपैकी आठांना, त्यांनी आपली प्रत सरकारी कंत्राटदाराच्या यंत्रावरून न घेता माहितीशास्त्र संस्थेच्या यंत्रावरून घ्यावी, असे कळविले. त्या आठांनी ते ऐकले. जाळ्यात कोणाला काहीच जाणवले नाही. तथापि अमेरिकन शासनाच्या आग्रहावरून ही व्यवस्था काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. पोस्टेल ह्यांनी त्याला चाचणी म्हटले. ह्या प्रसंगाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. शासनाचा शब्द अखेर चालला हे खरे. परंतु दप्तराचे सामर्थ्य आज्ञेत नसून मानणाऱ्यांच्या मान्यतेत आहे, हेही त्या आठ केंद्रांनी दाखवून दिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘आयकॅन’ ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ रोजी पोस्टेल निवर्तले. पुढे अठरा वर्षे ही संस्था अमेरिकन शासनाशी केलेल्या कराराखाली दप्तर सांभाळीत होती. तो करार ३० सप्टेंबर २०१६ रोजी संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. १ ऑक्टोबर २०१६ पासून हे काम कोणत्याही एका शासनाच्या करारावाचून चालले आहे.

६

दरम्यान साठा संपला होता. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पाच मोठे तुकडे पाच खंडदप्तरांना एकेक असे वाटले गेले. एपनिकचा नित्याचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी संपला. त्यानंतर प्रत्येक सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, आणि २०१९ पासून केवळ ५१२, अशी शिधावाटपाची पद्धत सुरू झाली. उत्तर अमेरिकेचा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये आणि युरोपचा नोव्हेंबर २०१९ मध्ये आटला.

टंचाई आली की नोंदीची मालमत्ता होते. २०११ साली दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरांना घेतले. दर पत्ता सव्वाअकरा डॉलर पडला. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडील सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते विनावापर असल्याचे सांगून त्यांपैकी सुमारे ८० लाख विकण्याचे जाहीर केले. फुकट मिळालेले वतन बाजारात आले. आफ्रिकेच्या दप्तराचा अनुभव तर अधिक कटू आहे. तेथील एका मोठ्या सभासदाकडील पत्ते परत घेण्यावरून वाद न्यायालयात गेला. २०२१ साली दप्तराची बँकखाती काही काळ गोठविली गेली आणि २०२३ साली त्यावर रिसीव्हर नेमण्याची पाळी आली. सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, असे आपल्याकडील कायदा सांगतो, आणि लोकव्यवहार मात्र त्यालाच मालकी समजतो. अंकपत्त्यांच्या बाबतीत हीच ओढाताण आता खंडाखंडांतून चालली आहे.

टंचाईवरील मूलभूत उपाय डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. सहाव्या आवृत्तीच्या नियमांत पत्त्याला १२८ स्थाने आहेत. त्यांची संख्या लिहावयास ३९ अंक लागतात. परंतु जुना पत्ता असलेल्या यंत्राला नवा पत्ता थेट कळत नाही. म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. ज्यांच्याकडे वतने होती त्यांना घाई नव्हती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना पर्याय नव्हता, आणि म्हणून भारतासारखा उशिरा आलेला देश नव्या पत्त्यांच्या वापरात आघाडीवर दिसतो. येथे सर्वसाधारण जनतेसाठी आंतरजालसेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, म्हणजे वर्गांची उधळपट्टी संपल्यानंतर. २०१२ साली भारताचे स्वतःचे अंकदप्तर स्थापन झाले, तेव्हा मध्यवर्ती साठा रिकामा होऊन वर्ष उलटले होते.

७

अखेरीस, भाषाभ्यासकाला टाळता येणार नाही असा एक मुद्दा राहतो. अंक कोणत्याही भाषेचे नसतात, नावे असतात. नामव्यवस्थेत आरंभापासून रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा एवढ्यांनाच प्रवेश होता. मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्यूनीकोड’ पद्धतीने इतर लिप्यांतील नावे त्याच मर्यादित चिन्हांत गुंफून ठेवता येऊ लागली. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘.भारत’ हे देवनागरी सर्वोच्च नाव वापरासाठी खुले झाले. मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते आहे. परंतु दप्तरात ‘भारत’ असे लिहिलेले नाही. तेथे एक्स, एन, दोन संयोगरेषा, एच, २, बी, आर, जे, ९, सी अशी रांग आहे. देवनागरी रूप वाचकाच्या पडद्यावरच सिद्ध होते.

ह्या भाषांतरात लिपीचे बारकावे पणाला लागतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मराठीत निराळे आहेत. एकात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ह्यांतील दुसरा रकार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. सर्वोच्च स्तरावरील नावांत अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे, कारण जे दिसत नाही ते फसवणुकीस वाव देते. कारण योग्य आहे. तथापि त्यामुळे ह्या भेदासाठी केवळ पहिल्याच मार्गाचा विचार करावा लागतो. कोणता भेद अर्थभेदक आहे आणि कोणता केवळ लेखनविशेष, ह्याचा निवाडा अभियंत्याला एकट्याने करता येण्याजोगा नाही. अशा नियमावल्या तयार होत असताना त्या त्या भाषेच्या जाणकारांनी मसुदे वाचून आपली मते नोंदविली नाहीत, तर भाषेचा भेद दप्तरातून गळून जातो. आणि दप्तरात जे नाही ते यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

वरील इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. टंचाई पुष्कळदा साठ्याच्या अपुरेपणातून नव्हे, मापाच्या चुकीतून उद्भवते. आरंभीचे वाटप निर्हेतुक असले तरी त्याचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. जो आधी आला त्याचा सोयीस्कर अपघात पुढे हक्क ठरतो. आणि सामाईक दप्तराची खरी शक्ती त्याच्या कुलुपात नसून ते प्रमाण मानणाऱ्यांच्या विश्वासात असते. १९९८ साली आठ केंद्रांनी एका माणसाचा शब्द मानला तो अधिकारामुळे नव्हे, तर पंचवीस वर्षे त्याने नोंद चोख ठेवली होती म्हणून. संस्थांना तो विश्वास वारसाहक्काने मिळत नाही. त्यांना तो रोजच्या नोंदीगणिक मिळवावा लागतो.